तीनशेचा साडेचारशे

९ डिसेंबर १९९८, बुधवार

प्रोसेसर आला. मुंबईच्या व्यापाऱ्याने कुरिअरने पाठवलेलं खोकं मी झिशानला फोडू दिलं नाही. आधी सील भिंगाखाली धरून बघितलं. हल्ली जुन्या प्रोसेसरवर नवा आकडा छापून विकतात, असं संगणकाच्या मासिकात वाचलंय. सील शाबूत होतं. आकडा नखाने खरवडून बघितला, निघाला नाही. तरी खात्री नाही.

झिशान हसला. म्हणाला, "दादा, सोन्याचा डाग बी एवढा कुणी तपासत न्हाय."

प्रोसेसर तीनशे मेगाहर्ट्झचा आहे. पण त्याच मासिकात लिहिलंय, संगणकाच्या सेटअपमध्ये जाऊन बसचा, म्हणजे आतल्या माहितीच्या वाटेचा, वेग सहासष्टवरून शंभर केला की हाच साडेचारशेने पळतो. साडेचारशेचा अस्सल घ्यायची आपली ऐपत नाही. म्हणून हा. आणि म्हणून ही वही. रोजचा वेग, रोजचं तापमान, काय चाललं, काय अडलं, सगळं लिहायचं. उद्या व्यापाऱ्याने हात वर केले तर पुरावा पाहिजे.

११ डिसेंबर

वही दुसऱ्या कुणाला दाखवायची वेळ आली तर समजावं म्हणून कामाचंही लिहून ठेवतो. उद्यमनगरात माझं पॅटर्नचं दुकान आहे. फाउंड्रीत वाळूत ठोकळा दाबून साचा पाडतात, तो ठोकळा म्हणजे पॅटर्न. माझे वडील, आण्णा, जन्मभर दुसऱ्याच्या कारखान्यात सागवानी पॅटर्न हाताने करत आले. मी ॲल्युमिनियमचे करतो, सेकंडहँड सीएनसी मिलिंगवर. संगणकावर भाग काढायचा, मग कटर कुठून कुठे फिरवायचा याचे हजारो आकडे संगणक काढतो आणि ती फाइल मशीनला जाते. मशीन आंधळं असतं. फाइल म्हणेल तिथे कापतं.

सकाळच्या फाइली मी काढतो, दुपारच्या झिशान. डिप्लोमा झाल्यापासून पाच वर्षं माझ्याकडे आहे. ड्रॉइंगमध्ये त्याचा हात धरणारा उद्यमनगरात नाही, हे मीच सगळ्यांना सांगतो.

जुन्या संगणकाला एका फाइलला अख्खी पाळी लागायची. नव्याला दोन तास चाळीस मिनिटं लागली. हे तीनशेवर.

१३ डिसेंबर, रविवार

दुकान बंद ठेवून चाचणी घेतली. बस पंचाहत्तर, ठीक. त्र्याऐंशी, ठीक. शंभर केल्यावर पडदा काळा. मासिकात दिल्याप्रमाणे एका पिनेवर टेप चिकटवून व्होल्टेज थोडं वाढवलं, आणि संगणक उठला. पडद्यावर ४५० असा आकडा आला तेव्हा मी आणि झिशान दोघेही उभे राहिलो.

अविभाज्य संख्या शोधणारा चाचणीचा प्रोग्राम सकाळी सहा ते बारा चालवला. एकही चूक नाही. प्रोसेसरचं तापमान ३८. तीच फाइल एक तास पंचेचाळीस मिनिटांत.

आण्णांना मुद्दाम आणून दाखवलं. ते म्हणाले, "पराणी लावली की बैल पळतंय. किती येळ पळंल ते बैल सांगत न्हाय." म्हाताऱ्या माणसांना नव्याचा संशयच असतो.

२० जानेवारी १९९९

ईद. सदर बाजारात झिशानच्या घरी शीरखुर्मा खाऊन आलो. त्याच्या आईने, ताजबीने, शिलाईमशीन झाकून त्यावर पाट ठेवला आणि मला तिथे वाढलं. झिशानचं लग्न ठरतंय, कुरुंदवाडची मुलगी, मदिहा नाव. बी.एस्सी. झालेली आहे. ताजबी म्हणाली, "तुमच्याच हातानं वर आलंय पोरगं."

शिरोलीचे बाळासो फाउंड्रीवाले आपल्याला पंपाच्या केसिंगचे सहा पॅटर्न देणार. हे सहा नीट गेले तर वर्षभराचं काम. संगणक ४५० वर ठणठणीत. तापमान ३९.

४ मार्च

पहिली चूक. दुपारी झिशानने काढलेल्या फाइलवर मशीनने नको तिथे दोन मिलिमीटर खोल ओरखडा काढला. झिशान ड्रॉइंग उघडून बसला. म्हणाला, "ड्रॉइंग बरोबर हाय दादा. फाइलमधीच एक आकडा उडालाय."

ड्रॉइंग बरोबर, मशीन बरोबर. मग फाइल कुणी काढली? मी त्याला पुन्हा काढायला लावली. ती ठीक निघाली. तापमान ५४. दुकानाच्या छपराचा पत्रा तापायला लागलाय.

११ मार्च

पुन्हा. पुन्हा दुपारीच. झिशान म्हणाला, "दादा, दुपारचं जरा खाली आणूया का? तीनशेवर? मला वाटतंय ह्यो गरम झाला की मधनंच आकडा चुकतोय."

मी म्हणालो, "सहा तास चाचणी घेतली तेव्हा तू समोर होतास. एक तरी चूक आली का?"

"तवा थंडी होती."

"संगणकाला थंडी-ऊन कळत नाही. एक तर चालतो, नाहीतर बंद पडतो. बंद पडलाय का?"

तो पुन्हा ड्रॉइंगकडे वळला. मी सकाळी काढतो त्या फाइलींत एकही चूक नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. इथे लिहून ठेवतो. तापमान ५६.

१६ मार्च

पिराजीच्या दुकानासमोर झिशान चहा पिताना दिसला. पिराजीही पॅटर्नच करतो आणि बाळासोंच्या कामावर त्याचा केव्हापासून डोळा आहे. दोघं हसत होते. मला बघून पिराजीने हात केला. झिशानने कप खाली ठेवला. का ठेवला?

१९ मार्च

आज मी चुलत बहिणीकडे राधानगरीला होतो, दिवसभर दुकान झिशानकडे. तीन फाइली निघाल्या, तिन्ही बिनचूक. मी नसतो तेव्हा सगळं बरोबर. मी असतो तेव्हा चूक. याचा अर्थ काय घ्यायचा?

२० मार्च

अर्थ सापडला. सकाळी संगणक चालू केला तर पडद्यावर ३००. सेटअप उघडून बघितलं, बस सहासष्टवर आणून ठेवलेली. हे आपोआप होत नाही. कुणीतरी आत जाऊन, बाण दाबून, बदलून ठेवलंय. चावी दोघांकडेच आहे.

विचारलं नाही. चोराला सावध कशाला करायचं? पुन्हा ४५० केलं.

२७ मार्च

मी कामासाठी बाहेर गेलो की सेटिंग बदलतं. आतापर्यंत तीन वेळा. त्या दिवशीच्या फाइली बरोबर. म्हणजे हातचलाखी अशी: मी नसताना नीट काम करायचं, मी समोर असलो की बिघडवायचं, म्हणजे बिघाड माझ्या डोळ्यांदेखत होतो आणि दोष संगणकावर, पर्यायाने माझ्यावर. पिराजीला हेच पाहिजे.

शालनला सांगितलं. माझी बायको गारगोटीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे, माणसं ओळखते. ती म्हणाली, "झिशानला इचारलं काय?"

म्हटलं, विचारून कोण खरं सांगतं?

"मग कसं कळणार?"

पुराव्याने कळणार.

५ एप्रिल

सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेतली. संगणकाचा डबा आत, पुढून फक्त वायरी बाहेर, मागून कुलूप. सेटअपला पासवर्ड टाकला. पेटी इतकी घट्ट बसली की पंख्याचा आवाजही बाहेर येत नाही. आता बघतो कोण आत हात घालतो.

झिशान आला, पेटीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, मागनं भोकं तरी पाडूया. वारं लागंना झालंय त्याला."

"भोकातून हात जातो," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि पुढे दिवसभर कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलला नाही. अपराधी माणूस असाच गप्प होतो. तापमान ६३.

७ एप्रिल

सहावा पॅटर्न संपला. फाइल झिशानने दुपारी तीनला काढली, मी मागे खुर्ची टाकून बसलो होतो. त्याने दोनदा पडद्यावरून कटरची वाट फिरवून बघितली, तिसऱ्यांदा बघायला लागला तेव्हा मी म्हणालो, पुरे. पॅटर्न शिरोलीला पोचला. तापमान ६५. कुलूप जागेवर.

१० एप्रिल, शनिवार

बाळासो स्वतः आले. मधोमध कापलेलं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, टेबलावर ठेवलं. "बघा की प्रसेनराव. भिंत आठ मिलिमीटर पायजे. हितं पाच भरतीया. ऐंशी नग वतल्यात. ऐंशीच्या ऐंशी भंगारात."

सहावा पॅटर्न. आतल्या बाजूला एक कोपरा तीन मिलिमीटरने सरकलेला. बाहेरून दिसण्यासारखा नव्हता.

झिशानने कास्टिंग हातात घेतलं, अंगठा आतून फिरवला. म्हणाला, "ड्रॉइंगमधी आठच हाय."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "संगणकाचं सेटिंग कोण बदलत होतं?"

"मीच."

मला वाटलं होतं नाही म्हणेल. "का?"

तो बाळासोंकडे बघायला लागला. मग माझ्याकडे. मग खाली. 

"पिराजीकडे कशाला जात होतास?"

"चा प्यायला."

"उद्यापासून येऊ नकोस."

त्याने खिशातली चावी काढून ठेवली. जाडी मोजायचा व्हर्नियर फडक्याने पुसून डबीत घातला, डबी खणात ठेवली, आणि गेला. बाळासो म्हणाले, "तुमचं घरचं तुम्ही बघा. माझं वर्षाचं काम मात्र मला आता इचार करून द्यावं लागंल."

१४ एप्रिल

जयंती. दर वर्षी झिशान मिरवणुकीला येतो, मग घरी जेवतो. आण्णा ताट वाढेपर्यंत वाट बघत बसले. "झिशान आला न्हाय?" मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट.

आण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांच्या नोकरीत एकदा पितळेच्या तुकड्यांवरून त्यांच्यावर आळ आला होता. खोटा निघाला, पण नोकरी परत मिळाली नाही. मला वाटलं ते तेच काढतील, म्हणून मी आधीच म्हणालो, "आण्णा, तुमच्या वेळी पुरावा नव्हता. इथे आहे."

"त्यांनी बी असंच म्हटलं हुतं," आण्णा म्हणाले, आणि ताटावरून उठले.

१८ एप्रिल

उद्यमनगरात विचारणा झालीच. झिशान कामासाठी फिरतोय, आणि लोक मला विचारतात का सोडला. मी खोटं का बोलू? पाच जणांना जे झालं ते सांगितलं. सावध केलं. पिराजीनेही विचारलं, साळसूदपणे. "काय पुरावा हाय का प्रसेन?" म्हणाला. म्हटलं, तारीखवार लिहिलेला आहे.

पिराजीनेही त्याला घेतलं नाही. म्हणजे काम संपल्यावर पिराजीलाही नको झाला.

२४ एप्रिल

आता दुपारच्या फाइलीही मीच काढतो. आज तीन वाजता मी काढलेल्या फाइलीत आकडा चुकला. कटर ठोकळ्यात घुसून तुटला.

जाण्याआधी झिशानने आत काहीतरी सोडलंय. व्हायरस.

२६ एप्रिल

डिस्क पुसून सगळं नव्याने भरलं. सकाळची फाइल ठीक. दुपारी अडीचला पुन्हा चूक. डिस्क कोरी असताना व्हायरस कुठून येतो? की व्यापाऱ्याने पहिल्यापासून खोटा माल दिला? की सॉफ्टवेअरवालाच फितूर? तापमान ६६. मला आता कुणाचाच भरवसा वाटत नाही.

२८ एप्रिल

शालनला सुट्टी होती. मी जेवत असताना तिने ही वही उचलली आणि वाचत बसली. मला वाटलं भांडेल. तिने पेन्सिल घेतली आणि काही आकड्यांभोवती गोल काढले.

"ह्ये काय हाय? ५४, ५६, ६५?"

"प्रोसेसरचं तापमान."

"दवाखान्यात आम्ही पेशंटच्या उशाला असाच कागद लावतोय. ताप चढला की पेशंट बरळतो, उतरला की नीट बोलतो." तिने वही माझ्यापुढे सरकवली. "जितकं चूक लिवलंय तितकं सगळं चोपन्न न्हायतर त्याच्या वर. आणि तो वेग खाली आणून ठेवत हुता त्या दिवशी एक बी चूक न्हाय. तुम्हीच लिवलंय की."

मी म्हणालो, असं असेल तर तो बोलला का नाही?

तिने पान उलटलं. अकरा मार्च. त्याचं वाक्य माझ्याच अक्षरात होतं.

२९ एप्रिल

पेटीत ठेवूनच डिसेंबरमधली चाचणी दुपारी दोन वाजता लावली. डिसेंबरमध्ये सहा तास चूक नव्हती. आज चौथ्या मिनिटाला आली. पुन्हा लावली, सहाव्या मिनिटाला. बस सहासष्टवर आणली, पेटी फोडली, संध्याकाळपर्यंत चालवली. एकही नाही.

ही चाचणी मी मार्चमध्ये पाच मिनिटं जरी घेतली असती तर पुरली असती. माणसाची घेत बसलो.

२ मे

सदर बाजारात गेलो. झिशान दारातच भेटला. लग्नपत्रिका टाइप करून देण्याचं काम करतोय. मी सगळं सांगितलं. त्याला नवीन काहीच नव्हतं.

"बाळासोंसमोर का बोलला नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलू? आमचा मालक तीनशेचा साडेचारशेवर पळवतोय आणि त्यावर तुमचं काम करतोय? परत तुमच्या दारात कोण आलं असतं?"

"आणि मला?"

"तुम्हाला म्हटलं हुतं की. न्हाई पटलं. म्हणून तुम्ही नसताना खाली आणत हुतो. काम तर बरोबर जात हुतं."

मी त्याला परत ये म्हणालो. तो नको म्हणाला. रागाने नाही, एखाद्या जागी आता जायचं नाही असं ठरलेलं असतं तसं. म्हणाला, "जितक्या जणांना बोललासा, तितक्यांकडं जाऊन परत बोला. मी संगट येतो."

मी पाच नावं सांगितली.

"आणि?"

"एवढेच."

आत शिलाईमशीन चालू होतं ते थांबलं. ताजबी पडद्याआडून म्हणाली, "कुरुंदवाडला?"

मदिहाच्या वडिलांचा, बाबालाल यांचा, दुकानात फोन आला होता. मुलाची चौकशी करायला. सोयरीक नंतर मोडली. मी त्यांना काय बोललो ते इथे लिहीत नाही.

४ मे

आज पाचही दुकानं केली. मी बोलायचं, झिशान शेजारी उभा. दोघांनी ऐकून घेतलं. एक म्हणाला, "बरं, पर काहीतरी असंलच की." एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, हे कुणी बोलायला लावलंय का? पिराजीने चहा मागवला. "तवा बी तू पुरावा हाय म्हटलास. आता दुसरा आणलायस," म्हणाला. मग झिशानकडे वळून, "सोमवारपासनं ये."

बाळासोंना फोनवर साडेचारशेचं खरं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत. काम त्यांनी आधीच दुसरीकडे दिलंय.

५ मे

झिशानला घेऊन कुरुंदवाडला गेलो. पिशवीत ही वही. बाबालाल यांचं सायकलचं दुकान पुढे, घर मागे. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं.

ते ऐकून म्हणाले, "पावणं, तुमच्या एका फोनवर आम्ही सोयरीक मोडली. तवा तुम्ही खरं बोलला असं धरलं. आज तुम्ही म्हणता ते खोटं हुतं. मग आजचं खरं कशावरनं धरू?"

 मी वही काढून पुढे ठेवली. त्यांनी ती उघडली नाही, आत हाक मारली. मदिहा आली. वही घेऊन दारातल्या उंबऱ्यावर बसली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली.  मधे एकदा तिने पानं मागे उलटली, एक पान परत वाचलं. पिराजीच्या चहाचं असावं, कारण तिने झिशानकडे बघितलं. मला त्या उन्हात उठून निघून जावंसं वाटत होतं.

शेवटी म्हणाली, "सगळं लिवलंय यात. कुलूप, ताप, कप खाली ठेवला ते बी. अब्बांना काय बोललासा तेवढंच न्हाय."

"ते लिहिण्यासारखं नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच."

तिने आतून पेन आणून दिलं. मी ओट्यावर मांडीवर वही घेऊन लिहिलं. हे खालचं तिथलं आहे:

'१६ एप्रिल. बाबालाल यांनी विचारलं, मुलगा कसा आहे. मी म्हणालो, हुशार आहे, पण लेक द्यायच्या आधी विचार करा, मला दुकानातल्या वस्तूला कुलूप लावावं लागलं. त्यांनी विचारलं, चोरी केली का? मी नाही असं म्हणालो नाही. मी म्हणालो, तुम्ही समजून घ्या.'

मदिहाने ते वाचलं आणि उघडी वही वडिलांच्या हातात दिली. बाबालाल यांनी चष्मा लावला. एवढंसंच होतं, पण बराच वेळ वाचत राहिले. मग वही मिटून माझ्याकडे दिली आणि झिशानला म्हणाले, "हात धू. जेवायची येळ झालीया."

मला कुणी थांब म्हणालं नाही, जा असंही म्हणालं नाही. मी साडेबाराची एस.टी. धरली.